‘लग्नाआधी नको’ एवढ्याने भागत नाही

लैंगिक शिक्षणाला असलेला विरोध सलग मांडलेला वाचायचा असेल तर राज्यसभेच्या याचिका समितीचा 2009 सालचा अहवाल काढावा. एम. वेंकय्या नायडू तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. केंद्राने 2005 पासून शाळांमधून सुरू केलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवावा, अशी याचिका समितीपुढे आली होती. समितीने ती जवळजवळ पूर्णच मान्य केली. शाळेत लैंगिक शिक्षण नको. लग्नाआधी शरीरसंबंध अनैतिक आणि आरोग्याला अपायकारक असतो, एवढा संदेश मुलांना मिळावा. एचआयव्ही आणि गुप्तरोगांची प्रकरणं अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात न्यावीत, त्याआधी नकोत, असं समितीचं म्हणणं होतं. महाराष्ट्राने तर त्याआधी दोन वर्षं, 2007 मध्येच हा कार्यक्रम बंद करून टाकला होता.

अहवाल जुना झाला, त्यातली वाक्यं मात्र अजून रोज ऐकू येतात. मी मराठवाड्यातल्या खेड्यांमधून शाळकरी मुलींचे वर्ग घेते. वर्ग ठरवायला गेलं की मुख्याध्यापकांच्या खोलीत नाहीतर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तीच वाक्यं समोर येतात. बोलणारी माणसं वाईट नसतात. लेकीबाळींची काळजी असते म्हणून बोलतात. त्यांना मागासलेले म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. त्यांच्या म्हणण्याला उत्तर दिलं पाहिजे, आणि ते देता येतं, कारण कोणत्या पद्धतीने शिकवल्यावर काय होतं हे गेल्या काही दशकांत अनेक देशांनी, आपल्यासकट, मोजून पाहिलेलं आहे.

सगळ्यात आधी येतं ते ‘सांगितलं की पोरं करून बघतात’ हे म्हणणं. समितीचा अहवाल आला त्याच वर्षी युनेस्कोने जगभरातल्या 87 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. पहिला शरीरसंबंध कोणत्या वयात आला, हे ज्या अभ्यासांनी तपासलं होतं, त्यांतल्या 37 टक्के कार्यक्रमांत तो लांबणीवर पडला. उरलेल्यांत काही फरक पडला नाही. लवकर आला, असं एकाही कार्यक्रमात आढळलं नाही. 2018 मध्ये युनेस्कोने आणखी मोठा पुरावा हाताशी घेऊन मार्गदर्शिका पुन्हा लिहिली, तेव्हाही निष्कर्ष हाच राहिला. सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं बाळगण्याबद्दलच्या निकालात, लैंगिक शिक्षणाने मुलं बेताल होतात ही समजूत चुकीची असल्याचं स्पष्ट लिहिलं. हा मुद्दा निकालात निघालेला आहे. तो पुन्हा पुन्हा उकरणाऱ्यांनी एक तरी उलटा पुरावा दाखवावा.

मग उरतो संयमाचा मार्ग. बाकी काही शिकवू नका, संयम शिकवा. समितीला हेच हवं होतं आणि अमेरिकेने हे मोठा पैसा ओतून करून पाहिलं आहे. 1996 च्या कायद्याने तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना या कामासाठी वर्षाला 5 कोटी डॉलर देऊ केले. अट अशी की वर्गात लग्नापर्यंत थांबणं हेच शिकवायचं, गर्भनिरोधकांची भलावण करायची नाही. पुढे तिथल्या संसदेनेच या कार्यक्रमांचं मूल्यमापन करायला सांगितलं. चार कार्यक्रम निवडले, दोन हजारांवर मुलं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागली. एका गटाला वर्ग मिळाले, दुसऱ्याला नाही. काही वर्षांनी दोन्ही गटांना पुन्हा गाठलं. दोन्हीकडे जवळपास निम्मी मुलं संबंधापासून दूर राहिलेली होती. ज्यांचा संबंध आला त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वय दोन्ही गटांत सारखंच होतं, 14.9 वर्षं. जोडीदारांची संख्याही सारखी. हा अहवाल 2007 चा. महाराष्ट्राने बंदी घातली ते वर्षही हेच.

तिथे ‘लग्नापर्यंत थांबेन’ अशी शपथ घेण्याचीही चळवळ होती. शपथ घेतलेल्या मुलामुलींची तुलना सगळ्या बाबतींत त्यांच्यासारख्याच, पण शपथ न घेतलेल्या मुलामुलींशी केली गेली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच वर्षांनंतर दोघांच्या वागण्यात फरक नव्हता. शपथ घेतलेल्यांपैकी 82 टक्के जण आपण अशी शपथ घेतलीच नव्हती असं म्हणत होते. फरक पडला तो एकाच ठिकाणी: शपथवाले निरोध आणि इतर साधनं कमी वापरत होते. संयमाच्या शिकवणीने संबंध थांबले नाहीत, आणि ते आले तेव्हा सावध राहायचं ज्ञानही मुलांकडे नव्हतं.

इथे एक अभ्यास प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण संयमवाले तो पुढे करतात. 2010 मध्ये अमेरिकेतल्या एका शहरातल्या सहावी-सातवीच्या काळ्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात फक्त ‘थांबा’ हे शिकवणाऱ्या वर्गाचा उपयोग झाला. दोन वर्षांत त्या गटातल्या एक तृतीयांश मुलांचा संबंध आला, तुलनेच्या गटातल्या जवळपास निम्म्यांचा. तो वर्ग कसा होता हेही मग सांगायला हवं. त्यात लग्नाचा उल्लेख नव्हता, पापाचा नव्हता, निरोधाची निंदा तर मुद्दाम टाळलेली होती. मुलं आपल्याला काय व्हायचंय ते लिहीत, आत्ता मूल झालं तर त्याचं काय होईल याचा विचार करत, नाही कसं म्हणायचं याचा सराव करत. बारा वर्षांच्या मुलाला ‘तू अजून लहान आहेस, थांब, आणि थांबायचं कसं ते बघू’ असं सांगायला माझी काहीच हरकत नाही. मीही तेच सांगते. माझा विरोध आहे तो तेवढंच सांगून दार लावून घेण्याला.

अमेरिकेतलं सगळं सोडून दिलं तरी ‘लग्नाआधी नको’ हा संदेश मराठवाड्यात कसा वाया जातो, हे मला रोज दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के, बीडमध्ये 40 च्या वर. बीडचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आई-बाप सहा महिने कारखान्यावर जातात. मागे म्हाताऱ्या आजीपाशी तरणी पोर ठेवायची तर जीव थाऱ्यावर राहत नाही, सोबत न्यायची तर पालावर तिला आडोसा नाही. मग सातवी-आठवीनंतर तिचं लग्न लावून टाकतात. नवा कोयता तयार होतो.

या मुलीला ‘लग्नाआधी नको’ सांगून तुम्ही तिला काय दिलं? तिच्या आयुष्यातला पहिला शरीरसंबंध लग्नानंतरच येणार आहे, सोळाव्या वर्षी, तिला न विचारता. समितीच्या हिशेबात ती सुरक्षित आहे. कायद्याच्या हिशेबात नाही: पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये ठरवलेलं आहे. डॉक्टरच्या हिशेबातही नाही, कारण सोळाव्या वर्षीचं बाळंतपण तिच्याही जिवावर बेततं आणि बाळाच्याही. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, आणि आपल्याकडे यांतल्या बहुतेक विवाहित असतात. लग्नालाच संरक्षण मानणारं शिक्षण नेमक्या याच मुलींना वाऱ्यावर सोडतं.

मी वर्गात चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवते. नाव लिहायचं नाही. सुरुवातीला डब्यात पडतात ते पाळीचे प्रश्न. पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का, अंगावरून पांढरं जातं म्हणजे रोग झाला का. मुलांच्या वर्गातल्या चिठ्ठ्या सहकारी दादा मला दाखवतात. रात्री चड्डी ओली होते, माझी ताकद चालली का. हस्तमैथुनाने पुढे मूल होत नाही हे खरं का. हे प्रश्न गेल्या शंभर वर्षांत बदललेले नाहीत. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून नेमक्या अशाच प्रश्नांना उत्तरं देत होते. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली, 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील म्हणून 1934 मध्ये खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं, तरीही दंड झाला. लैंगिक शिक्षण ही परदेशातून आणलेली कल्पना आहे, असं मराठी माणसाने म्हणणं मला फार लागतं.

ओळख वाढली की डब्यातल्या चिठ्ठ्या बदलतात. सातवीतल्या एका मुलीची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. वहीचं अर्धं पान, पेन्सिलीने लिहिलेलं: ‘ताई, माझ्या बहिणीचं लग्न दिवाळीनंतर आहे. ती सोळा वर्षांची आहे. तिला लगेच दिवस जाऊ नयेत म्हणून काय करायचं? आणि लग्न झाल्यावर नवऱ्याला नाही म्हणता येतं का?’ समितीचा अभ्यासक्रम घेऊन या मुलीपुढे उभं राहा आणि काय उत्तर देता येतं ते सांगा. मला उत्तर द्यायला कितीतरी गोष्टी लागतात. अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर लागतो. गावचा ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे सांगावं लागतं. आशाताईकडे निरोध आणि माला-एन मिळते, आरोग्य केंद्रात ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन मिळतं, हे सांगावं लागतं. नवऱ्यालाही नाही म्हणता येतं, हे तर सगळ्यात आधी. बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नाही. ती बारावीपर्यंत पोचणारच नाही.

आणि अशा मुलींसाठी काय चालतं, याचा पुरावा परदेशातून आणावाच लागत नाही. तो औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाचोडला आहे. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 12 ते 18 वयाच्या बिनलग्नाच्या मुलींसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम चालवला. शाळा सुटलेल्या, रानात कामाला जाणाऱ्या मुली आधी घेतल्या. सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक तास. शिकवायला गावातल्याच बायका, सातवीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या. शरीर, पाळी, आरोग्य हे तर होतंच, पण ग्रामपंचायत कशी चालते, अर्ज कसा करायचा, घरात आपलं म्हणणं कसं मांडायचं हेही होतं. 1997 ते 2001 या काळात त्या गावांमधलं मुलींच्या लग्नाचं मध्यम वय 16 वरून 17 वर गेलं. शेजारच्या, कार्यक्रम नसलेल्या भागात तसं झालं नाही. एका वर्षाने काय होतं, असं कुणी म्हणेल. सोळाव्या वर्षी आणि सतराव्या वर्षी लग्न झालेल्या दोन मुलींना शेजारी बसवून बोलून बघावं. आणि हे वय सबंध परिसराचं आहे, चार निवडक मुलींचं नाही. जी मुलगी वर्ग पूर्ण करून गेली तिचं तर आणखी लांबलं.

पाचोडच्या वर्गात कुणी मुलींना घाबरवत नव्हतं, यावर मला भर द्यायचा आहे. कारण संयमवाल्यांच्या जोडीला एक दुसरा पंथ आहे. तो स्वतःला आधुनिक समजतो. त्याचं म्हणणं, एखादा डॉक्टर बोलवा, पडद्यावर रोगांची चित्रं दाखवा, गर्भपाताचे धोके सांगा, एकदा भीती बसली की पोरी सरळ राहतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 57 शाळांमध्ये अशीच एक कल्पना तपासली गेली. मुलींना घरी न्यायला इलेक्ट्रॉनिक बाळ द्यायचं. ते रात्री रडतं, दूध मागतं, दुपटं बदलायला लावतं. मूल सांभाळणं किती कठीण ते कळलं की मुली जपून राहतील, असा हिशेब होता. 2016 मध्ये निकाल आला. बाळ सांभाळलेल्या मुलींपैकी 17 टक्के मुली विसाव्या वर्षापर्यंत गरोदर राहिल्या, न सांभाळलेल्यांपैकी 11 टक्के. अगदी उलटं झालं. सदिच्छेने केलेलं काम मोजलं नाही तर ते मुलांच्या मुळावर येऊ शकतं, हे या प्रयोगाने दाखवलं, आणि आपल्याकडची व्याख्यानं तर कुणी मोजतच नाही.

ती व्याख्यानं मी पाहिली आहेत. आठवी ते दहावीच्या मुली हॉलमध्ये सतरंजीवर बसवतात. मुलांना मैदानावर पाठवतात. शहरातून आलेल्या डॉक्टरबाई तासाभरात गर्भाशयापासून एड्सपर्यंत सगळं सांगून टाकतात, शेवटी ‘काही शंका?’ विचारतात, दोनशे मुलींत कुणाचा हात वर होणार? सॅनिटरी पॅडचं एकेक पाकीट वाटतात, फोटो निघतो, वर्तमानपत्रात छापून येतो. यालाही आपण लैंगिक शिक्षण म्हणतो आणि पुढे त्याचा उपयोग झाला नाही, असंही आपणच म्हणतो. मुलांना मैदानावर पाठवणं तर मला सरळ घातक वाटतं. पोटात दुखणाऱ्या वर्गमैत्रिणीला चिडवणारा तोच असतो. पुढे नवरा होणाराही तोच.

मुलगा आणि मुलगी यांच्यातला अधिकाराचा प्रश्न सोडून केलेलं लैंगिक शिक्षण फार दूर जात नाही, हेही मोजलेलं आहे. 2015 मध्ये 22 कार्यक्रमांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ज्या कार्यक्रमांनी स्त्री-पुरुष भेद आणि सत्ता हा विषय उघडपणे घेतला होता, त्यांतल्या दहापैकी आठ कार्यक्रमांनंतर गर्भधारणा किंवा गुप्तरोगांचं प्रमाण घटलं. ज्यांनी तो टाळला, त्यांत बारापैकी दोनच. निरोध कसा वापरायचा हे मुलीला माहीत असून काय उपयोग, तो वापर असं म्हणायची तिची हिंमत नसेल तर? मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये 2008 पासून कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर हेच काम केलं. घरात कोण काय काम करतं इथून सुरुवात करून शरीर, छेडछाड, मारहाण असं पुढे जात. काही शाळांत वर्ग आणि मोहीम दोन्ही केलं, काही शाळांत फक्त मोहीम. जिथे मुलं वर्गात बसून बोलली, तिथे त्यांचे विचार जास्त बदलले. भिंतीवरची घोषणा कुणी वाचतं, कुणी वाचत नाही. वर्गात ‘तुझी बहीण भांडी घासते तेव्हा तू काय करतोस?’ असं विचारल्यावर बारा वर्षांच्या मुलाला उत्तर द्यावं लागतं.

शिकवणार कोण, यावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते सगळं त्यावरच अडलेलं आहे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या पाठात मानवी प्रजनन संस्था आहे, म्हणजे अभ्यासक्रमात विषय आहे. बहुतेक शाळांत तो ‘घरी वाचून या’ होतो. शिक्षकांना मी दोष देत नाही. त्याच मुलांना गणितात नापास करायचं, गैरहजेरीबद्दल रागवायचं आणि त्याच तोंडाने ‘मनातलं विचारा’ म्हणायचं, हे जमत नाही. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत याची रीतसर तुलना केली. एकच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित शिक्षकांनी चालवला, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या साध्या समुपदेशकांनी, जे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञ नव्हते. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण बदललं, मारहाण आणि दादागिरी कमी झाली, मुलांची उदासी घटली, प्रजनन आरोग्याची माहिती आणि समानतेचा विचार वाढला. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. पाचोडच्या सातवी शिकलेल्या बायका आणि नालंदाचे हे समुपदेशक यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसते: मुलांना त्यांच्याकडून मार्क नको होते.

माणूस बाहेरचा असला तरी कायद्याची अडचण राहतेच. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, अठराच्या आतल्या मुलाशी शरीरसंबंध आल्याचं कळलं की ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. सतरा वर्षांची दोन मुलं एकमेकांच्या राजीखुशीने जवळ आली तरी हाच नियम. मुलींना हे माहीत असतं, म्हणून त्या सांगतच नाहीत आणि भोंदूकडे जातात. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायचं बंधन डॉक्टरवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. ही गोष्ट तालुक्याच्या किती डॉक्टरांना ठाऊक आहे? वर्गात ‘विश्वासाने सांगा’ म्हणायचं आणि सांगितल्यावर मुलीला चौकीवर उभं करायचं, या पेचातून वाट काढल्याशिवाय कुठलीच पद्धत नीट चालणार नाही.

‘हे सगळं घरात आई-बापांनी सांगायचं असतं’ असं म्हणणाऱ्यांनाही उत्तर हवं. सांगावं, जरूर सांगावं. पण केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांचा अभ्यास केला, त्यात 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठला तरी लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले होते. ज्या घरात त्रास देणारा काका जेवायला बसतो, त्या घरातच सगळं शिक्षण व्हावं, असं म्हणणारा त्या मुलाला कोंडतो आहे. आणि आया तरी काय सांगणार? पालकसभेत एक आई माझ्याशी भांडायला उभी राहिली होती. सगळ्या गेल्यावर तीच थांबली आणि हळूच म्हणाली, मला दोन लेकरं झाली पण आत काय असतं ते कुणी सांगितलं नाही, तो तक्ता मलाही दाखवा. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेल्या आणि 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 650 बायकांपैकी 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. बाईने बोलायचं नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्याचा हा हिशेब आहे. डॉ. राणी बंगांनी पुढे मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली ती उगाच नाहीत.

माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट ऐकवायची आहे. लैंगिक शिक्षण सुरू केलं की सगळं सुटेल, असं जे म्हणतात त्यांनी 2016 चा कोक्रेन आढावा वाचावा. आठ मोठे प्रयोग, 55 हजारांवर मुलं. नुसत्या शाळेतल्या वर्गांनी एचआयव्ही, गुप्तरोग किंवा गर्भधारणेच्या प्रमाणात फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. फरकाची चिन्हं दिसली ती मुलीने शाळेत टिकावं म्हणून घराला पैसे किंवा गणवेश दिला तिथे. माहिती लागतेच, पण मुलगी शाळेत टिकली नाही, जवळ दवाखाना नाही, दवाखान्यातल्या बाई ‘लग्न झालंय का?’ विचारून वरपासून खालपर्यंत बघतात, तर ती माहिती घेऊन जायचं कुठे? किशोरवयीनांसाठीची सरकारची ‘मैत्री’ क्लिनिकं ग्रामीण रुग्णालयांत आहेत. तिथे किती मुली आपणहून जातात ते कुणीही एखाद्या सकाळी बाकावर बसून पाहावं.

2007 च्या बंदीच्या वेळी विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मला आजही मान्य आहे. तो अभ्यासक्रम एड्सच्या धास्तीतून जन्मला होता, दिल्लीहून आला होता, चित्रं पाहून शिक्षकच गांगरले होते. पण कपडा आखूड निघाला तर नवा शिवतात, पोराला उघडं ठेवत नाहीत. महाराष्ट्राने नवा शिवलाच नाही, हातात पाचोडचा पुरावा असूनही.

आता काय करायचं याची माझी मागणी बारीक आहे आणि खर्चाचीही फार नाही. वर्ग सातवीत सुरू व्हावा, कारण आठवीनंतर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्या मुली पटावर उरत नाहीत. आठवड्याला एक तास, वर्षभर, मुलं आणि मुली दोघांनाही, कधी वेगळं बसवून, कधी एकत्र. शिकवायला गावातली किंवा शेजारच्या गावातली मानधनावरची बाई आणि एक दादा, शाळेचा शिक्षक नको. ज्यांनी शाळा सोडली त्यांच्यासाठी हाच वर्ग संध्याकाळी अंगणवाडीत. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत त्याची सुरुवात जूनमध्येच व्हायला हवी आणि लग्न, नकार, 1098 हे तास दसऱ्याच्या आत संपले पाहिजेत. त्यानंतर ट्रक भरायला लागतात आणि वर्गातले बाक रिकामे होतात.